गावच्या जीपचे पुढचे ब्रेक : बिघाड कसा ओळखावा, आधी काय तपासावे



आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गावी अजून एक जुनी जीप आहे. कुणाकडे वडिलांनी घेतलेली महिंद्रा सीजे, कुणाकडे काकांची एमएम ५४०. वर्षातले बरेच महिने ती शेडमध्ये उभी असते. आपण गणपतीला किंवा डिसेंबरच्या सुट्टीत गेलो की बाहेर निघते. मधल्या काळात बाबा तिला आठवड्या-पंधरवड्याने बाजारापर्यंत नेऊन आणतात. आणि मग कधीतरी घरून फोन येतो, "जीपचे पुढचे ब्रेक नीट लागत नाहीत रे. ऑइल घालून चालवू का?"

आम्ही चांगी बिझनेस पार्कमधल्या वेगवेगळ्या कार्यालयांत काम करणारी चार-पाच मंडळी आहोत. दुपारच्या जेवणाला एकत्र बसतो आणि प्रत्येकाच्या गावी अशी एक जीप आहे. इथे सिंगापूरमध्ये गाडीचे सीओई दहा वर्षांचे, त्यामुळे चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेली गाडी रस्त्यावर क्वचितच दिसते. इथला सर्वात उंच डोंगर बुकित तिमा, तोही जेमतेम १६४ मीटर! घाट उतरताना ब्रेकचे काय होते याचा आपल्याला हळूहळू विसर पडतो. घरच्यांना मात्र तो घाट रोजचाच आहे. म्हणून ही माहिती एका जागी लिहून ठेवत आहोत.

सगळ्या लेखाचे सार आधीच सांगतो. नुसते ऑइल घालून जीप रस्त्यावर काढू नका. ऑइल कमी झाले म्हणजे ते कुठेतरी गेले आहे. ते कुठे गेले हे कळेपर्यंत जीप जागेवरच राहू द्या. पेडल पायाला कसे लागते एवढे नीट विचारले, तर निम्मा बिघाड फोनवरच ओळखता येतो.

१. आपली जीप आणि तिचे ब्रेक

महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. अमेरिकेत सीजे-३बी हे मॉडेल १९५३ ते १९६८ या काळात बनले. आपल्याकडे त्याच घराण्यातल्या गाड्या पुढेही कितीतरी वर्षे निघत राहिल्या. या जुन्या जीपना पुढे-मागे चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. सीजे-३बीचे ड्रम मुळात ९ इंची, नंतरच्या काही गाड्यांचे ११ इंची. शिवाय कित्येक जीपना मधल्या काळात दुसऱ्याच गाडीचे अॅक्सल बसवलेले असतात. त्यामुळे सुटे भाग कागदपत्रांवरून न मागवता मोजमाप घेऊन मागवावेत. (२०१० मध्ये आलेल्या थारला पुढे डिस्क आहेत. तिला हा लेख लागू नाही.)

ब्रेकचे काम थोडक्यात असे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो. ते नळ्यांतून आणि रबरी होजमधून प्रत्येक चाकाच्या व्हील सिलिंडरपर्यंत जाते. तिथले पिस्टन दोन शू बाहेर ढकलतात, शूवरचे लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतात आणि चाक थांबते. गाडी थांबताना वजन पुढच्या चाकांवर येते, म्हणून पुढचे व्हील सिलिंडर सहसा मागच्यांपेक्षा मोठे असतात आणि थांबवण्याचे जास्त काम पुढचे ब्रेकच करतात. ते गेले की मागची चाके लवकर जाम होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडीचा मागचा भाग घसरतो.

आणखी एक महत्त्वाची गोष्ट. जुन्या जीपमध्ये चारही चाकांना मिळून ऑइलचा एकच मार्ग असतो. पुढच्या एका चाकापाशी मोठी गळती झाली तर चारही ब्रेक एकदम जातात. "पुढचा एक गेला, अजून तीन आहेत," हा हिशोब या गाडीला चालत नाही.

२. हात लावण्याआधी

जीप सपाट, कठीण जमिनीवर घ्या. मागच्या चाकांना पुढून आणि मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणीही गाडीखाली जाऊ नये. अॅक्सलखाली मजबूत स्टँड हवेच.

जुन्या विलीज पद्धतीच्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागे, मागच्या प्रॉपेलर शाफ्टवर असतो. याचे दोन परिणाम होतात. चांगला परिणाम असा, की ऑइलचे ब्रेक पूर्ण गेले तरी हँडब्रेक वेगळा चालू असतो. वाईट असा, की मागचे एकच चाक जॅकवर उचलले तर डिफरन्शियलमुळे ते चाक मोकळे फिरते आणि हँडब्रेक ओढलेला असूनही जीप घरंगळू शकते. म्हणून ठोकळे कधीही विसरू नका.

जुन्या जीपच्या डाव्या बाजूच्या चाकांच्या नटांना उलटे आटे असू शकतात. पाना लावून अंगाचा जोर काढण्याआधी ते पाहून घ्या, नाहीतर स्टड तुटेल.

३. फोनवर विचारायचे सात प्रश्न

घरी जो कुणी फोनवर असेल त्याला जीप सुरू करायला सांगू नका. नुसते चालकाच्या जागी बसायला सांगा आणि एकेक प्रश्न विचारा.

(अ) पेडल दाबल्यावर कुठे थांबते? वरच, मध्यावर, की तळाला टेकते?
(आ) तीन-चार वेळा भराभर दाबले तर वर येते का? वर आल्यावर दगडासारखे लागते, की रबरी चेंडूसारखे?
(इ) एक मिनिट सारख्या जोराने दाबून ठेवले तर हळूहळू खाली सरकते का?
(ई) मास्टर सिलिंडरमधली ऑइलची पातळी किती आहे? शेवटचे ऑइल कधी घातले आणि कोणते?
(उ) चारही चाकांच्या आतल्या बाजूला, टायरवर किंवा जमिनीवर ओल दिसते का?
(ऊ) शेवटची चालवली तेव्हा ब्रेक मारल्यावर गाडी कुठल्या बाजूला ओढत होती?
(ए) त्याआधी ती पाण्यातून, चिखलातून गेली होती का? की बरेच महिने उभी होती?

जुन्या जीपचा मास्टर सिलिंडर बॉनेटखाली नसतो. तो चालकाच्या पायाखाली फ्रेमवर असतो आणि त्यासाठी जमिनीच्या पत्र्यात एक छोटे झाकण असते. डोळ्यांसमोर नसल्यामुळे तिथली पातळी वर्षानुवर्षे कुणी पाहत नाही. झाकण उघडण्याआधी आजूबाजूची माती ओल्या फडक्याने पुसायला सांगा. मातीचा एक कण आत पडला तरी रबरी कप खराब होतो.

४. उत्तरांवरून निदान

पेडल तळाला जाते, पंप केल्यावर वर येते : वर आल्यावर कडक लागत असेल तर बहुधा शू आणि ड्रममधले अंतर वाढले आहे. लायनर झिजले आहेत किंवा बराच काळ अॅडजस्टमेंट केलेली नाही. वर येऊनही स्प्रिंगसारखे लागत असेल तर नळ्यांत हवा आहे. हवा आपोआप आत शिरत नाही. पातळी फार खाली गेली असेल, कप गळत असेल किंवा एखादा जोड सैल असेल, तरच ती शिरते. म्हणून नुसती हवा काढून काम संपत नाही.

दाबून ठेवले की पेडल हळूहळू बुडते : बाहेर कुठेही ओल नसेल तर मास्टर सिलिंडरच्या आतला कप ऑइल मागे सोडतो आहे. ओल असेल तर गळती शोधा. पातळी वारंवार उतरते आणि बाहेर थेंबही दिसत नाही, अशा वेळी व्हील सिलिंडरचे रबरी टोपण हलकेच उचलून पाहा. त्याच्या आत ऑइल साठलेले आढळते.

इथे डिस्क आणि ड्रममधला एक फरक लक्षात ठेवावा. डिस्क ब्रेकमध्ये पॅड झिजले की ऑइलची पातळी थोडी उतरते आणि ते स्वाभाविक असते. जुन्या जीपच्या ड्रम ब्रेकमध्ये झीज हाताने अॅडजस्ट करून भरून काढतात. त्यामुळे पातळी उतरली की गळतीच समजावी. "थोडे कमी होतेच" हे इथे खरे नाही.

पेडल कडक, पण गाडी थांबत नाही : ऑइलचा दाब तयार होतो आहे, पण शूपर्यंत पोचत नाही किंवा शू ड्रमला पकडत नाही. नेहमीची कारणे तीन. एक, व्हील सिलिंडरचे पिस्टन गंजून अडकले आहेत. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या जीपमध्ये हे फार आढळते. दोन, लायनरवर ग्रीस किंवा ऑइल आले आहे, किंवा लायनर तापून काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत. तीन, रबरी होज आतून सुजून बंद झाला आहे. हे तिसरे कारण सर्वात फसवे, कारण होज बाहेरून अगदी चांगला दिसतो.

ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते : गाडी उजवीकडे ओढत असेल तर डावा पुढचा ब्रेक कमी लागतो आहे, किंवा उजवा जास्त धरतो आहे. खात्री करण्याची सोपी युक्ती अशी. मोकळ्या जागेत हळू चालवून चार-पाच वेळा ब्रेक मारा आणि दोन्ही पुढच्या ड्रमवर पाण्याचे थेंब टाका. ज्या ड्रमवर काहीच होत नाही तो काम करत नाही. जिथे पाणी चर्र करून उडते तो एकटाच राबतो आहे किंवा अडकला आहे. ड्रमला हात लावू नका, भाजते. आणि ही चाचणी पेडल चांगले कडक लागत असेल तरच करावी. पेडल तळाला जात असेल तर जीप मुळीच हलवायची नाही.

ब्रेक सोडला तरी चाक मोकळे होत नाही : चाक जॅकवर घ्या आणि त्या चाकाचा ब्लीडर किंचित उघडा. ऑइलची चिळकांडी उडून चाक मोकळे झाले तर दाब आत अडकला होता. एकाच चाकाचे असे होत असेल तर होज बदला. चारही चाके धरत असतील तर पेडलचे मोकळे अंतर पाहा. जीपच्या पेडलला साधारण अर्धा इंच मोकळे अंतर हवे. ते नसेल तर मास्टर सिलिंडरमधले परतीचे बारीक छिद्र झाकलेले राहते आणि तापलेल्या ऑइलला मागे जायला वाट मिळत नाही. ब्लीडर उघडूनही चाक मोकळे झाले नाही, तर दोष आतला आहे. गंज, तुटलेली परतीची स्प्रिंग किंवा अडकलेला शू.

पाण्यातून गेल्यावर ब्रेक लागत नाही : ड्रममध्ये शिरलेले पाणी लगेच बाहेर पडत नाही. ओढा पार केल्यावर हळू चालवत पेडल हलके दाबून ठेवा, उष्णतेने लायनर सुकतात. पण लाल चिखलातून गेली असेल तर सुकवून भागत नाही. चिखलाची भुकटी आत राहते आणि लायनर व ड्रम दोन्ही खाते. ड्रम उघडून धुणे हाच उपाय.

घाटात हळूहळू ब्रेक कमी होतो : याला इंग्रजीत फेड म्हणतात. तापल्यावर ड्रम फुगतो आणि शूपासून दूर जातो, त्याच वेळी लायनरची पकड कमी होते. गाडी निवली की ब्रेक पुन्हा चांगले लागतात, म्हणून गॅरेजमध्ये दोष सापडत नाही. या उष्णतेचा हिशोब करून पाहा. दीड टनाची जीप ५०० मीटर खाली उतरली की सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. तेवढ्यात २२ लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला येईल! आंबोली घाटमाथा सुमारे ६९० मीटरवर आहे. तिथून सावंतवाडीकडे उतरताना यातली जेवढी ऊर्जा इंजिन रोखत नाही, तेवढी बहुतेक ब्रेकच्या ड्रममध्ये जाते. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रलवर उतरणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

५. ड्रम उघडल्यावर काय पाहावे

काही जीपचे ड्रम स्क्रू काढल्यावर सुटे होतात. काहींमध्ये ड्रम हबसकट काढावा लागतो आणि परत बसवताना बेअरिंग नीट जुळवावे लागते. दुसरा प्रकार असेल तर ते काम अनुभवी मेकॅनिककडेच द्यावे. ड्रम निघत नसेल तर आधी अॅडजस्टर मागे फिरवून शू आत घ्या आणि लाकडी हातोड्याने चहूबाजूंनी ठोका. महिनोन् महिने उभी असलेली, चाके धरलेली जीप इंजिनच्या जोरावर ओढून मोकळी करू नका. लायनर शूपासून उखडू शकतो.

जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकते. आतली धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू तर मुळीच नका. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. लहान मुलांना दूर ठेवावे.

काहीही सुटे करण्याआधी मोबाइलवर दोन्ही चाकांचे फोटो काढून तुम्हाला पाठवायला सांगा. दोन शूंचे लायनर कमी-जास्त लांबीचे असू शकतात. लांब लायनर पुढे की मागे, हे ब्रेकच्या प्रकारानुसार बदलते. मूळ विलीज पद्धतीत लांब लायनर पुढच्या शूवर असतो, तर काही इतर प्रकारांत नेमके उलटे. अॅक्सल बदललेला असेल तर पुस्तकापेक्षा फोटो जास्त उपयोगी पडतो. मात्र आधीच कुणी उलटे बसवलेले नाही ना, हे दोन्ही चाकांचे फोटो शेजारी ठेवून ताडून पाहा.

मग क्रमाने पाहा :

- लायनर रिव्हेटचा असेल तर रिव्हेटच्या डोक्यापासून एक मिलिमीटरपेक्षा कमी उरला की बदलावा. ऑइल किंवा ग्रीस मुरलेला लायनर धुऊन, भाजून, घासून वापरू नये. तापल्यावर ते पुन्हा बाहेर येते.
- ड्रमवर खोल चरे आहेत का? लेथवर घासून घेता येतात, पण ड्रमची मर्यादा असते. ९ आणि ११ इंची ड्रमसाठी मूळ व्यासापेक्षा साधारण दीड मिलिमीटर वाढ, यापुढे जाऊ नये. दोन्ही पुढचे ड्रम एकाच मापाचे ठेवावेत.
- व्हील सिलिंडरचे पिस्टन बोटाने हलतात का? आतल्या नळीवर हलका गंज असेल तर साफ होतो. खड्डे पडले असतील तर नवे रबरी किट घालूनही तो गळणारच. सिलिंडरच बदलावा.
- परतीच्या स्प्रिंग ताणलेल्या किंवा गंजलेल्या आहेत का?
- होजवर चिरा किंवा फुगवटा आहे का? स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून तो टायरला घासत नाही ना, तेही पाहा.

ही कामे नेहमी दोन्ही पुढच्या चाकांवर एकदमच करावीत. एकाच बाजूला नवे लायनर घातले तर गाडी ओढणारच.

६. ओल कसली आहे?

फोर व्हील ड्राइव्ह जीपच्या पुढच्या चाकात ब्रेक ऑइलशिवाय हबचे ग्रीस असते आणि नकलमधले ग्रीस किंवा गिअर ऑइलही असते. यांपैकी काहीही लायनरवर येऊ शकते, आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा. ओळखण्याची युक्ती अगदी घरगुती आहे. ती ओल बोटावर घेऊन पाण्याच्या वाटीत बुडवा. ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून जाते. ग्रीस आणि गिअर ऑइल मिसळत नाही, तवंग धरते. गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र वासही येतो. पाण्यात मिसळले तर व्हील सिलिंडर पाहा, तवंग आला तर ऑइल सील पाहा. सील न बदलता नुसते लायनर बदलले तर थोड्याच दिवसांत तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो.

७. ऑइल कोणते?

बोलताना आपण "ब्रेक ऑइल" म्हणतो, पण ते तेल नव्हे. डॉट ३ आणि डॉट ४ हे ग्लायकॉलवर आधारित द्रव आहेत. ते हवेतली आर्द्रता शोषून घेतात आणि मग त्यांचा उत्कलनबिंदू उतरतो. मानकाप्रमाणे डॉट ३ ताजे असताना किमान २०५ अंश सेल्सिअस आणि पाणी मुरल्यावर १४० अंश, डॉट ४ ताजे असताना २३० आणि पाणी मुरल्यावर १५५. कोकणातला पावसाळा डोळ्यांसमोर आणा, म्हणजे दर दोन वर्षांनी ऑइल का बदलायचे ते कळेल. शोषलेल्या पाण्यानेच सिलिंडर आतून गंजतात. झाकण उघडून महिनोन् महिने पडलेला डबा वापरू नये.

इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल, "तात्पुरते म्हणून" गोडे तेल, यातले काहीही घालू नका. खनिज तेलाने रबरी कप फुगतात. मग मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंत रबराचा प्रत्येक भाग आणि होज बदलावे लागतात. आतले भाग रॉकेल, डिझेल किंवा पेट्रोलने धुणेही याच कारणासाठी टाळावे. स्पिरिट किंवा ताजे ब्रेक ऑइल वापरावे. मेकॅनिकला हे आदराने, पण काम सुरू होण्याआधी सांगावे. ब्रेक ऑइल रंग उडवते, म्हणून पत्र्यावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

८. अॅडजस्टमेंट आणि हवा काढणे

आधी अॅडजस्टमेंट, मग हवा. चाक उचलून एका शूचा अॅडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवा, मग चाक जेमतेम मोकळे फिरेल इतका मागे घ्या. तसेच दुसऱ्या शूचे. दोन्ही पुढची चाके सारखी झाली पाहिजेत.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वात दूरच्या चाकापासून सुरुवात करतात. आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या जीपमध्ये क्रम असा : मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे. ब्लीडरला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबायचे, दुसऱ्याने ब्लीडर उघडायचा, पेडल तळाला असतानाच बंद करायचा आणि मग पाय सोडायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. दर पाच-सहा वेळांनी मास्टर सिलिंडरची पातळी पाहा. ती रिकामी झाली की सगळे पुन्हा पहिल्यापासून! बाटलीत निघालेले ऑइल परत वापरू नये.

९. सुट्टीचे नियोजन

दोन-तीन आठवड्यांच्या रजेत जीप दुरुस्त करायची असेल तर चौकशी निघण्याआधी करा. घरच्यांकडून ड्रमचा आतला व्यास, लायनरची रुंदी आणि व्हील सिलिंडरवर कोरलेला आकडा मागवून घ्या. पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत ऑपेरा हाऊसचा परिसर सुट्या भागांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. शक्य असेल तर जुना नमुना हातात घेऊनच जावे. ब्रेक ऑइल इथून नेण्याची गरज नाही, तिकडे सहज मिळते. काम सुट्टीच्या पहिल्या दोन दिवसांत करून घ्या, म्हणजे काही राहिले तर तुमच्यासमोर कळेल. परतीच्या आदल्या दिवशी दुरुस्ती आणि दुसऱ्या दिवशी बाबांच्या हातात किल्ली, असे नको.

पहिली चाचणी मोकळ्या सपाट मैदानात. आधी उभ्या गाडीत एक मिनिट पेडल दाबून ठेवा. मग ताशी १०, २०, ३० किलोमीटर वेगाने ब्रेक मारून पाहा. गाडी सरळ थांबली, ड्रम सारखे तापले आणि दुसऱ्या दिवशी पातळी तेवढीच राहिली, तरच घाटाचा विचार करा.

परत निघताना जीप हँडब्रेक सोडून, गिअरमध्ये ठेवून आणि चाकांना ठोकळे लावून उभी करा. ओढून ठेवलेला हँडब्रेक पावसाळ्यात चिकटतो. घरातल्या कुणीतरी आठवड्यातून एकदा पेडल दहा वेळा दाबावे आणि पातळीवर नजर टाकावी. दोन मिनिटांचे काम आहे, पण पिस्टन मोकळे राहतात.

१०. उतारावर ब्रेक गेलेच तर

हे घरातल्या प्रत्येक चालकाला तोंडपाठ हवे. पेडल भराभर पंप करा, थोडा दाब येऊ शकतो. एकेक करत खालच्या गिअरमध्ये या, क्लच दाबून ठेवू नका, न्यूट्रल तर नाहीच. हँडब्रेक हळूहळू ओढा. एकदम ओढला तर मागची चाके जाम होऊन गाडी फिरते. इंजिन बंद करू नका. हॉर्न आणि दिवे चालू ठेवा. तरीही थांबत नसेल तर दरीच्या नव्हे, डोंगराच्या बाजूला गाडी घासत न्या. पत्रा दुरुस्त होतो.

शेवटी एक विनंती. या लेखाची प्रिंट काढून गावी पाठवा, किंवा पुढच्या फोनवर तिसऱ्या भागातले सात प्रश्न तरी विचारा. वडीलधाऱ्यांना "गाडी चालवू नका" म्हटलेले आवडत नाही. "पेडल कसे लागते ते सांगा ना," असे विचारले की ते आनंदाने सांगतात, आणि आपल्याला हवे ते उत्तर मिळते. तुमच्या जीपचा वेगळा काही अनुभव असेल तर मंडळाकडे जरूर कळवा, या पानात भर घालू.


चांगी बिझनेस पार्कमधील जीपवाली मंडळी